एईडीच्या पेटीला कुलूप लावायचं का?

प्रश्न : आमच्या निवासी संकुलात चौदा मजल्यांच्या तीन इमारती, एक व्यायामशाळा आणि एक सभागृह आहे. मागे व्यायामशाळेत एक सभासद अचानक कोसळले. रुग्णवाहिका येईपर्यंत उशीर झाला आणि ते गेले. त्यानंतर समितीने वर्गणी काढून एक एईडी यंत्र (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं) घेतलं. पण ते ठेवायचं कुठे यावर महिनाभर वाद चालू आहे. खजिनदार म्हणतात, महागाची वस्तू आहे, कार्यालयात कपाटात कुलपात ठेवा, किल्ली रखवालदाराकडे द्या. दुसरे सभासद म्हणतात, प्रशिक्षण घेतलेल्यांनीच हात लावावा; भलत्याने शॉक दिला आणि माणूस दगावला तर जबाबदार कोण? तिसऱ्यांनी परदेशात ही यंत्रं रस्त्यावर, स्टेशनवर उघडी टांगलेली पाहिली आहेत. तिकडे नेमकं काय करतात आणि आम्ही काय करावं?
— सचिव, व्यवस्थापन समिती

उत्तर : कुलूप लावू नका. बाकीचं सावकाश ठरवलं तरी चालेल, एवढं मात्र आजच्या आज ठरवून टाका.

हृदय अचानक बंद पडतं तेव्हा पुष्कळदा ते पूर्ण थांबलेलं नसतं. त्याचे खालचे कप्पे नुसते थरथरत असतात आणि त्या थरथरीत रक्त पुढे ढकललं जात नाही. डॉक्टर याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. शॉक बसला की ही सगळी थरथर एकदम थांबते आणि हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याला पुन्हा लय धरायला वाव मिळतो. पण थरथर फार वेळ टिकत नाही. स्नायूंतलं इंधन संपत जातं, हृदयाच्या आलेखातल्या लाटा बारीक होत जातात आणि शेवटी सरळ रेघ उरते. सरळ रेघेवर शॉकचा काही उपयोग नाही. कोणी काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होते; कोणी छाती दाबत राहिलं तर ही घसरण ३ ते ४ टक्क्यांवर येते. (हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं, त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. अशा माणसाला एईडी लावायचं नसतं, रुग्णालयात न्यायचं असतं. त्यातूनच पुढे हृदय बंद पडू शकतं, म्हणून यंत्र जवळ आणून ठेवायला हरकत नाही.)

आता खजिनदारांच्या योजनेप्रमाणे अकराव्या मजल्यावर कोणी कोसळलं असं धरा. काय झालंय हे घरच्यांना उमगायला पाऊण मिनिट. कोणीतरी लिफ्टकडे धावतं, लिफ्ट वर येते, खाली जाते : दीड मिनिट. रखवालदाराला गाठायचं, जुडग्यातली नेमकी किल्ली शोधायची, कार्यालय उघडायचं, कपाट उघडायचं : दोन मिनिटं, आणि तीही रखवालदार फेरीवर गेलेला नसेल तर. पुन्हा लिफ्टने वर : दीड मिनिट. पाकीट फोडून पॅड (छातीवर चिकटवायच्या, वीज पोचवणाऱ्या पट्ट्या) चिकटवेपर्यंत आणखी एक. जवळजवळ सात मिनिटं झाली, आणि यात कुठेही कोणी चुकलेलं नाही.

किती मिनिटं चालतात, याचं उत्तर अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या कॅसिनोंनी दिलं. तिथल्या सुरक्षारक्षकांना एईडी शिकवलं गेलं. कॅसिनोत कॅमेरे असल्यामुळे माणूस कोसळला कधी आणि शॉक बसला कधी, हे सेकंदासकट नोंदता आलं. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थरथर सुरू असलेल्या ज्या रुग्णांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के जगून घरी गेले. तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांतले ४९ टक्के. शॉक देणारी माणसं रक्षक होती, डॉक्टर नव्हती, हे तुमच्या दुसऱ्या सभासदांना आवर्जून सांगा.

त्यांना शिकागोच्या विमानतळांचंही सांगा. तिथे साधारण एक-दीड मिनिटाच्या झपाट्याच्या चालीवर एकेक यंत्र भिंतीवर लावलं, कुलपाविना. दोन वर्षांत थरथर असलेले १८ रुग्ण आढळले, त्यांतले ११ शुद्धीवर आले. या अकरांपैकी सहा जणांना ज्यांनी शॉक दिला, त्यांनी पूर्वी एईडी कधी वापरलंच नव्हतं. त्यात तिघे डॉक्टर होते हे खरं, पण यंत्र त्यांनाही नवं होतं.

हे शक्य होतं कारण शॉक द्यायचा की नाही हे माणूस ठरवतच नाही. पॅड चिकटले की यंत्र हृदयाची लय वाचतं. ठोके नीट पडत असतील किंवा सरळ रेघ असेल तर ते शॉक भरतच नाही, बटण कितीही दाबलं तरी. त्यामुळे ‘चुकून शॉक बसून माणूस दगावला’ ही भीती मनातून काढून टाका. ज्याला एईडी लावलंय तो श्वास घेत नाहीये, आणखी काय बिघडणार? खरा धोका उलट्या बाजूला आहे. शॉकच्या क्षणी रुग्णाला हात लावून बसलेल्याला झटका बसू शकतो. म्हणून ‘सगळे बाजूला व्हा’ असं मोठ्याने म्हणायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत एक नजर टाकायची. तुमचं यंत्र पूर्ण स्वयंचलित असेल तर त्याला शॉकचं बटणच नसतं, ते आपणच मोजून शॉक देतं. कोणतं आहे ते आधी बघून ठेवा.

परदेशांचं म्हणाल तर तिथेही हा प्रश्न लगेच सुटला नाही. जपानमध्ये २००२ साली राजघराण्यातले राजपुत्र ताकामादो स्क्वॉश खेळताना कोसळून गेले. तेव्हा सामान्य नागरिकाला तिथे एईडी वापरायची मुभा नव्हती; जुलै २००४ मध्ये ती मिळाली. त्यानंतर यंत्रं इतक्या वेगाने लागली की वस्तीच्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे एकाहून कमी होती तिथे चार किंवा जास्त झाली, आणि नागरिकांकडून शॉक मिळेपर्यंतची सरासरी वेळ ३.७ मिनिटांवरून २.२ मिनिटांवर आली. फ्रान्सने मे २००७ च्या आदेशाने डॉक्टर नसलेल्या कोणालाही वापराची परवानगी दिली. पुढे २०१८ च्या आदेशाने लोकांची ये-जा असलेल्या ठरावीक इमारतींना यंत्र ठेवणंच बंधनकारक केलं आणि २०२० ते २०२२ अशी टप्प्याटप्प्याची मुदत दिली. अमेरिकेत २००० साली मदत करणाऱ्याला आणि यंत्र ठेवणाऱ्यालाही संरक्षण देणारा संघराज्याचा कायदा झाला. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने २०२२ मध्ये सक्तीचा कायदा केला. सरकारी इमारतींना १ जानेवारी २०२५ पासून, ठरावीक खाजगी इमारतींना १ जानेवारी २०२६ पासून. सिंगापूरने दर दोन सरकारी निवासी इमारतींमागे एक असा हिशेब धरला, तुमच्या परिस्थितीला सगळ्यांत जवळचा. नेदरलँड्समध्ये ‘सहा मिनिटांचा टापू’ (सहा मिनिटांत मदत पोचेल असा परिसर) ही कल्पना रुजली आहे : आपत्कालीन फोन आला की आसपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांना संदेश जातो, काहींना थेट रुग्णाकडे, काहींना वाटेत यंत्र उचलून. स्वीडनमध्ये तर यंत्र ड्रोनने पाठवतात; डिसेंबर २०२१ मध्ये बर्फ उपसताना कोसळलेले ७१ वर्षांचे गृहस्थ असे वाचले.

कौतुक पुरे. तुमच्या वादाचा निकाल लावणारी गोष्ट डेन्मार्कची आहे. कोपनहेगनमध्ये शेकडो यंत्रं नकाशावर नोंदलेली होती, कागदावर शहर झाकलेलं दिसत होतं. संशोधकांनी प्रत्येक इमारतीच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा त्या नकाशाला जोडल्या, तेव्हा कळलं की संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, जवळ यंत्र असूनही सार्वजनिक जागी कोसळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत ते बंद दाराआड होतं. कार्यालयं, शाळा, दवाखाने. सगळी दिवसा उघडी. ब्रिटनमध्ये काही पेट्यांना आकडी कुलूप असतं आणि आपत्कालीन फोनवरचा माणूस आकडा सांगतो. तिथेही जाणकारांचा कल बिनकुलपी पेटीकडेच आहे, कारण थरथरत्या बोटांनी अंधारात आकडे फिरवणं ही शिक्षाच आहे. तुमच्याकडे तर फोनवरून आकडा सांगणारंही कोणी नाही.

चोरीचं भय असेल तर दार उघडताच कर्कश भोंगा वाजणारी पेटी घ्या. चोर बिचकतो, आणि खऱ्या प्रसंगी त्या भोंग्याने चार माणसं गोळाही होतात. पेटीवर कॅमेरा रोखा. यंत्राच्या पाठीवर संकुलाचं नाव ठळक रंगवा.

आता जागा. तीन इमारती आणि यंत्र एक. कार्यालयात नको, व्यायामशाळेतही नको (रात्री बंद असते ना?). चोवीस तास माणूस बसलेला असतो ती जागा निवडा : प्रवेशद्वाराशेजारची रखवालदाराची चौकी, तिच्या बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली, खांद्याच्या उंचीवर. वर हिरव्या पाटीवर पांढरं हृदय आणि त्यात विजेची खूण, ही जगभर चालणारी खूण आहे. तशीच पाटी प्रत्येक लिफ्टमध्ये लावा आणि तिच्याखाली ‘यंत्र चौकीजवळ आहे’ एवढंच लिहा.

पण उंच इमारतीत खरा वेळ लिफ्ट खाते. कॅनडातल्या टोरोंटोत याचा अभ्यास झाला : तिसऱ्या मजल्याखाली कोसळलेल्यांपैकी ४.२ टक्के जगले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के, सोळाव्याच्या वर एक टक्क्याहूनही कमी, आणि पंचविसाव्याच्या वर कोणीच नाही. म्हणून रुग्णाकडच्या माणसाने यंत्र आणायला खाली धावत जाऊच नये. त्याने इंटरकॉमवरून चौकीला सांगायचं, आणि चौकीतल्या माणसाने यंत्र घेऊन वर यायचं. फेरी एका बाजूची होते. वरचाच हिशेब पुन्हा मांडा : उमगायला पाऊण, फोनला पाव, लिफ्टने वर दीड, पॅड लावायला एक. साडेतीन मिनिटं. कुलूप आणि उलटी फेरी गेली, वेळ निम्म्यावर आला, आणि यासाठी वेगळा खर्च काहीच नाही.

त्यासाठी रखवालदाराला लेखी आदेश द्या. ही बाब फुटकळ वाटते, पण इथेच योजना अडते. ‘चौकी सोडायची नाही’ हे त्याला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. आणीबाणीत गेट उघडं टाकून गेलो तर नोकरी जाईल, या विचारात तो दहा सेकंद घालवेल. आदेशात लिहा : हाक आली की एकाने यंत्र घेऊन वर जायचं, गेट उघडं राहिलं तरी चालेल, दुसऱ्याने दुसरी लिफ्ट तळाला दार उघडी धरून ठेवायची आणि रुग्णवाहिकेच्या लोकांना थेट तिच्यात घालायचं. आपत्कालीन सेवेला फोन मात्र घरच्यांनीच करायचा, स्पीकरवर ठेवून, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

यंत्र येईपर्यंतची तीन-साडेतीन मिनिटं छाती दाबणाऱ्याची. माणूस हाकेला, खांदा हलवण्याला दाद देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. नाडी शोधत बसू नका. इथे लोक हमखास फसतात ते आचक्यांनी. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस मासोळीसारखा तोंड उघडून, घोरल्यासारखा, मध्येच एखादा आचका देतो. घरचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, बाजूला व्हा, हवा येऊ द्या.’ तो श्वास नव्हे. सुरुवातीला हातपाय झटकल्यासारखेही होतात आणि फीट आली असं वाटतं. दोन्ही वेळा छाती दाबायला घ्यायची : छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. कडक जमिनीवर, गादीवर दाबलं तर गादीच दबते.

यंत्र आलं की पहिलं काम ते चालू करणं. काहींना झाकण उघडताच आवाज सुरू होतो, काहींना हिरवं बटण असतं. पुढचं तेच सांगतं. छाती दाबणारा थांबत नाही. दुसरा माणूस कपडे कापतो. एक पॅड छातीवर उजवीकडे, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली (कॉलरबोन), दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅडवर चित्र असतं. नेहमीची चूक म्हणजे डावा पॅड काखेत न जाता पुढे, दोन्ही पॅड शेजारी शेजारी. मग वीज हृदयातून न जाता वरच्यावर निघून जाते. दुसरी चूक, पॅडमागचं प्लॅस्टिक न सोलता चिकटवणं. घाम असेल तर फडक्याने पुसा, दाट केस असतील तर दोन ओढींत रेझर फिरवा, औषधाची चिकटपट्टी असेल तर उपटून टाका, त्वचेखाली पेसमेकरची उंचवटी दिसली तर तिच्यापासून चार बोटं दूर लावा. स्त्री रुग्णाच्या वेळी संकोचाने लोक थबकतात; पॅड उघड्या त्वचेवरच लागायला हवा, वरून ओढणी-चादर टाकता येते. आठ वर्षांखालील मुलाला मुलांचे पॅड किंवा यंत्रावरची मुलांची कळ वापरा. ती नसेल तर मोठ्यांचे पॅड एक छातीवर, एक पाठीवर.

शॉक बसला की लगेच छातीदाब सुरू. नाडी बघायला थांबू नका. लय परतली तरी पहिलं मिनिटभर हृदय ढिलं असतं. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा थांबायला सांगेल, लय वाचेल. ‘शॉकची गरज नाही’ असं ते म्हणालं तर माणूस बरा झाला असाही अर्थ नाही आणि गेला असाही नाही. तो हालचाल करेपर्यंत दाबत राहा. आणि यंत्र बंद करू नका, पॅड काढू नका, रुग्णवाहिका येईपर्यंत.

यंत्र कोणत्या भाषेत बोलतं ते तपासलंत का? पुष्कळ यंत्रांत भाषा बदलायची सोय असते आणि विकणारा ती जशी येते तशीच ठेवून जातो. तुमच्या रखवालदारांना समजेल ती भाषा करून घ्या.

देखभालीत दोनच गोष्टी मरतात : बॅटरी आणि पॅड. यंत्र स्वतःची चाचणी आपोआप करतं आणि छोटा दिवा हिरवा ठेवतं. तो हिरवा आहे का, हे रोज पाळी बदलताना बघून वहीत खूण करायला सांगा. बॅटरी साधारण दोन ते पाच वर्षं, पॅडही तितकेच. त्यावरचा जेल वाळला की ते चिकटत नाहीत. दोन्ही तारखा पेटीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तीन महिने आधी मागणी नोंदवा. बॅटरी उतरली की यंत्र दर काही सेकंदांनी टिकटिकतं आणि त्या आवाजाला कंटाळून कोणीतरी बॅटरीच काढून ठेवतं, हे जगभर होतं. टिकटिक ऐकली तर कोणाला फोन करायचा, त्याचा नंबर पेटीच्या आत चिकटवा. पेटीवर ऊन येऊ देऊ नका. बहुतेक यंत्रांची मर्यादा ० ते ५० अंश असते आणि काचेच्या बंद पेटीत भर उन्हात ती सहज ओलांडली जाते. पेटीत कात्री, रेझर, फडकं, हातमोजे आणि पॅडची जास्तीची जोडी ठेवा.

प्रत्येक घरात एकेक घ्यावं का, असं कोणी सुचवलं तर सांगा की ते करून पाहिलं गेलंय. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या ७,००१ रुग्णांवरच्या चाचणीत, २००८ साली, घरी एईडी असण्याने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. हृदय बंद पडण्याच्या दहांपैकी सात-आठ घटना घरीच घडतात हे खरं, पण घरी बहुधा पाहणारं कोणी नसतं, किंवा एकटं आणि भांबावलेलं असतं. त्यापेक्षा दुसरं यंत्र व्यायामशाळेच्या बाहेर, रात्रीही उघड्या राहणाऱ्या पडवीत लावा, आणि उरलेल्या पैशात शंभर जणांना छातीदाब शिकवा.

शिकवण्याआधी मात्र एक सराव घ्या, न सांगता, रात्री दोनच्या सुमारास. समितीतल्या एकाने बाराव्या मजल्यावरून चौकीला इंटरकॉम करायचा आणि घड्याळ लावायचं. खरं यंत्र उघडू नका, त्याने बॅटरी जाते. तेवढ्याच वजनाची एक पिशवी पेटीशेजारी ठेवा. पिशवी दारात यायला तीन मिनिटांहून जास्त लागली तर का लागली ते लिहा : इंटरकॉम लागला नाही, लिफ्ट चौदाव्यावर होती, रखवालदाराला मजला नीट ऐकू आला नाही. यातली बहुतेक कारणं आठवड्यात दुरुस्त होतात.

कायद्याचं : आमचा सल्ला असा की समितीच्या सभेत ठराव करा, ‘हे यंत्र कोणीही, प्रशिक्षण असो वा नसो, वापरावं अशी समितीची इच्छा आहे,’ आणि तो इतिवृत्तात नोंदवा. मदतकर्त्याच्या संरक्षणाचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेवढा मुद्दा स्थानिक वकिलाकडून एकदा तपासून घ्या. यंत्राची जागा जवळच्या रुग्णवाहिका सेवेला लेखी कळवा.

आणि कधी ते वापरलंच गेलं तर यंत्रातली नोंद पुसू देऊ नका. त्यात रुग्णाची लय, शॉकची वेळ, सगळं साठवलेलं असतं आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते हवं असतं. वापरलेले पॅड फेकायचे, पेटीतली दुसरी जोडी लगेच जोडायची, दिवा हिरवा झाला की यंत्र त्याच रात्री परत भिंतीवर.